बंधारा, विहीर आणि वही: प्रकल्प नोंदी २०२४-२५

७ जुलै २०२४, रविवार

आमच्या नाशिकच्या समाजसेवी क्लबच्या नव्या वर्षाची पहिली बैठक गंगापूर रोडवरील एका सदस्यांच्या घरी झाली. एकूण ३८ सदस्यांपैकी २६ जण उपस्थित असल्यामुळे गणपूर्तीचा प्रश्न आला नाही. मागील वर्षाचे इतिवृत्त वाचून कायम केल्यानंतर वर्षभराच्या उपक्रमांची चर्चा सुरू झाली, आणि नेहमीप्रमाणे थंडीत घोंगड्या, जूनमध्ये वह्या आणि मध्ये एखादे रक्तदान शिबिर अशी यादी पुढे आली. तेव्हा आमच्या सर्वांत ज्येष्ठ सदस्यांनी, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, एक साधा प्रश्न विचारला की गेल्या हिवाळ्यात वाटलेल्या २०० घोंगड्यांपैकी एक तरी घोंगडी आज कोणाच्या घरी आहे, हे आपल्यापैकी कोणी पाहून आले आहे का. कोणीही गेलेले नव्हते. सचिव या नात्याने त्या वाटपाची नोंद मीच लिहिली होती. तिच्यात वाटलेल्या घोंगड्यांची संख्या आणि छायाचित्रे आहेत, त्यापुढचे काहीही नाही.

बऱ्याच चर्चेनंतर असा ठराव झाला की रक्तदान शिबिर आणि गणेशमूर्ती संकलन नेहमीप्रमाणे चालू ठेवावे, परंतु उरलेली सर्व शक्ती एकाच कामावर लावावी आणि ते काम असे असावे की ज्याचा परिणाम सहा महिन्यांनी जाऊन मोजता येईल. विषय पाण्याचा ठरला. त्र्यंबकेश्वर तालुक्यात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही त्याच तालुक्यातील पाड्यांवरच्या बायका मार्च-एप्रिलमध्ये डोक्यावर हंडे घेऊन डोंगर उतरतात, ही गोष्ट नाशिककराला नवीन नाही. गोदावरी जिथे उगम पावते त्या ब्रह्मगिरीच्या आसपासच हे घडते, याची मात्र आपल्याला सवय झाली आहे.

प्रकल्पप्रमुख म्हणून पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या सदस्यांची निवड झाली. यापुढे त्यांचा उल्लेख प्रकल्पप्रमुख असाच करीन.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

आम्ही पाच जण गिरणारे, वाघेरा या मार्गाने हरसूलच्या बाजूला गेलो. पाड्याचे नाव या नोंदींत कोठेही येणार नाही, कारण तेथील लोकांनीच तशी इच्छा व्यक्त केली. आपल्या गावाचे नाव पाणीटंचाईसोबत सतत छापून आले की सोयरीक जुळवताना अडचण येते, असे तेथील आशाताईंनी सांगितले. हे कारण आम्हाला शहरात बसून कधीच सुचले नसते.

पाऊस संततधार होता. भाताची आवणी (रोपांची लावणी) नुकतीच उरकली होती, खाचरे काठोकाठ भरली होती आणि पाड्याच्या खालून जाणाऱ्या ओहोळाचा आवाज इतका मोठा होता की काठावर उभे राहून बोलणे अशक्य होते. प्रकल्पप्रमुखांनी तेथेच आम्हाला समजावून सांगितले की हा सगळा प्रदेश बेसाल्ट खडकाचा आहे, वर मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र आहे, त्यामुळे पडलेले पाणी खडकात मुरण्याआधीच वाहून जाते. या बाजूचे बहुतेक ओहोळ पश्चिमेकडे उतरतात आणि त्यांचे पाणी शेवटी अरबी समुद्राला मिळते. मोठे धरण बांधणे हे आपले काम नाही. पावसाळा संपल्यानंतर ओहोळात जी बारीक धार दोन-तीन महिने वाहत राहते, ती अडवून खालच्या विहिरीसाठी जमिनीत मुरवता येईल का, एवढाच आपला प्रश्न आहे.

त्याचे उत्तर म्हणजे वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती, वाळू किंवा मुरूम भरून ती ओहोळात आडवी रचायची, एवढेच त्याचे तंत्र आहे. मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेमुळे हा प्रकार महाराष्ट्रात सर्वदूर पोहोचला आणि तिचेच नाव त्याला चिकटले. तो एकाच हंगामापुरता असतो, पुढच्या पावसाळ्यात वाहून जातो आणि दरवर्षी पुन्हा बांधावा लागतो. काही सदस्यांना हा दोष वाटला. मला स्वतःला ही त्याची सर्वांत चांगली बाजू वाटली, कारण एकदा बांधून, फीत कापून विसरून जाण्याची सोय त्यात नाही.

१ सप्टेंबर २०२४, रविवार

निधीसाठी रद्दी संकलनाचा पहिला आणि एकमेव दिवस. महात्मानगर, कॉलेज रोड, इंदिरानगर आणि पाथर्डी फाटा या चार भागांतील गृहनिर्माण संस्थांच्या सूचनाफलकांवर आठ दिवस आधी पत्रके लावली होती. सकाळी आठ ते दुपारी एक या वेळेत १,८४६ किलो रद्दी गोळा झाली. किलोला १३ रुपये या दराने २३,९९८ रुपये मिळाले. रद्दी घेणाऱ्या दुकानदारांनी वजन करताना आमचा एक माणूस काट्याजवळ उभा करण्यास स्वतःहून सांगितले, त्यामुळे हिशेबात कोणालाही शंका उरली नाही.

रकमेपेक्षा मोठा लाभ असा झाला की पाच तासांत आम्ही सुमारे चारशे घरांच्या दारात उभे राहिलो. पत्रकात काय लिहिले आहे हे वाचून अनेकांनी प्रश्न विचारले. इंदिरानगरातील एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी रद्दी तर दिलीच, शिवाय १०,००० रुपये रोख पुढे केले. आयकर कायद्याच्या ८०-जी कलमाखाली २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर सवलत मिळत नाही, हे कोषाध्यक्षांनी त्यांना नम्रपणे सांगितले आणि धनादेश देण्याची विनंती केली. बाई म्हणाल्या, “सवलतीसाठी देत नाही, पण तुमची वही स्वच्छ राहात असेल तर धनादेश देते.” कोषाध्यक्षांनी ते वाक्य पावतीपुस्तकाच्या मलपृष्ठावर लिहून ठेवले आहे.

१७ सप्टेंबर २०२४, मंगळवार

अनंत चतुर्दशी. महापालिकेच्या मूर्ती संकलन केंद्रावर सकाळपासून रात्रीपर्यंत तीन पाळ्यांत २२ सदस्य आणि महाविद्यालयीन विद्यार्थी उपस्थित होते. निर्माल्य वेगळे, प्लास्टिक वेगळे आणि मूर्ती वेगळ्या अशी व्यवस्था नीट चालली. हे काम आता सर्वांच्या अंगवळणी पडले आहे, त्यामुळे विशेष लिहिण्यासारखे काही नाही.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

जागा निश्चित करण्यासाठी दुसरी भेट. प्रकल्पप्रमुखांनी ओहोळाच्या काठाने दीड किलोमीटर चालत जाऊन चार जागा पाहिल्या आणि दोन निवडल्या. जागा निवडताना ते काय पाहतात, हे मी मुद्दाम विचारून लिहून घेतले. पात्र अरुंद हवे, दोन्ही काठ घट्ट हवेत, वरच्या अंगाला तळाचा उतार कमी हवा म्हणजे पाण्याचा फुगवटा लांबवर जातो, आणि तळाशी वाळूचा जाड थर नको, नाहीतर पाणी पोत्यांखालून निसटते. जागा वनखात्याच्या हद्दीत नाही ना, याचीही खात्री तलाठ्यांकडील नकाशावरून करून घेतली.

पहिल्या जागी पात्राची रुंदी साडेआठ मीटर आहे. एक मीटर उंचीचा बंधारा घातल्यास पाणी सुमारे ६० मीटर मागे जाईल. सरासरी रुंदी सात मीटर आणि खोली पाचराच्या आकाराने कमी होत जाणारी धरली, तर साठा सुमारे २१० घनमीटर म्हणजे दोन लाख दहा हजार लिटर होतो. दहा हजार लिटरच्या टँकरच्या हिशेबाने हे २१ टँकर झाले. हा आकडा लहान आहे आणि तो लहान आहे हे देणगीदारांनाही सांगायचे असे आम्ही ठरवले. ओहोळ वाहत असेपर्यंत मुरलेल्या पाण्याच्या जागी नवे पाणी येत राहते, त्यामुळे प्रत्यक्षात जमिनीत जाणारे पाणी यापेक्षा बरेच अधिक असते. ते किती, हे विहिरीत दोरी सोडूनच कळेल.

पहिल्या जागेपासून खालच्या अंगाला अंदाजे ९० मीटरवर पाड्याची पिण्याची विहीर आहे. होळीच्या सुमारास तिचा तळ दिसू लागतो, असे सर्वांनीच सांगितले.

२ ऑक्टोबर २०२४, बुधवार

गांधी जयंतीच्या ग्रामसभेत विषय मांडला. त्र्यंबकेश्वर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो आणि आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्यानुसार तेथील ग्रामसभेच्या शब्दाला विशेष वजन आहे. परंतु कायदा नसता तरी आम्ही विचारूनच पुढे गेलो असतो, हे मी येथे लिहून ठेवते.

सभेत आमच्या अध्यक्षाताईंनी पाच मिनिटे बोलून माहिती दिली आणि नंतर जवळजवळ तासभर आम्ही ऐकत होतो. मुख्य प्रश्न बंधारा कधी बांधायचा हा होता. आम्हाला तो दिवाळीच्या आधी हवा होता, कारण दिवाळीत बरेच सदस्य बाहेरगावी जातात. पाड्यावरील लोकांचे म्हणणे वेगळे होते. भाताची कापणी ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होते, ती उरकेपर्यंत कोणाला वेळ नाही. कापणी झाली की आठ-पंधरा दिवसांत निम्मी घरे कुलूप लावून द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी, निफाडकडे निघतात, कारण ऑक्टोबर छाटणीनंतर बागांत माणसांची मागणी वाढलेली असते. गिरणाऱ्याच्या मजूर अड्ड्यावर त्या दिवसांत पहाटे किती गर्दी असते हे नाशिकमध्ये सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे कापणी आणि स्थलांतर यांच्या मधला जो आठवडा-दोन आठवडे मिळतो, तोच बंधाऱ्याचा खरा मुहूर्त.

एका वयस्कर बाबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. “परतीचा पाऊस अजून जायचा आहे. त्याच्या आधी घातलं तर जाईल.” सभेत या वाक्यावर फारशी चर्चा झाली नाही. ती व्हायला हवी होती.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

मासिक बैठक. दोन विषयांवर मतभेद झाले.

पहिला विषय एका कंपनीच्या प्रस्तावाचा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक नफा किंवा उलाढाल असलेल्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि त्यातून अडीच लाख रुपये देण्याची एका कंपनीची तयारी होती. मात्र दोन्ही बंधाऱ्यांवर त्यांच्या नावाचे मोठे फलक, उद्घाटनाचा कार्यक्रम आणि मार्चअखेरपर्यंत दहा बंधारे पूर्ण झाल्याचा अहवाल अशा अटी होत्या. काही सदस्यांचे म्हणणे असे की पैसा मिळतो आहे तर घ्यावा, दहा बंधारे झाले तर दहा पाड्यांचे भले होईल. हे म्हणणे चुकीचे नव्हते. परंतु प्रकल्पप्रमुखांनी विचारले की दहा पाड्यांच्या ग्रामसभा, दहा जागांची पाहणी आणि दहा विहिरींचे मोजमाप आपल्यातील कोण करणार आहे. कोणीही हात वर केला नाही. प्रस्ताव १५ विरुद्ध ८ मतांनी या वर्षापुरता नाकारला. मी नाकारण्याच्या बाजूने मत दिले आणि ते मत आजही माझे आहे.

दुसरा विषय तारखेचा. येथे मात्र आम्ही चुकलो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ ऑक्टोबरला, रविवार येतो, बस मिळते आणि सदस्य मोकळे आहेत, या कारणासाठी त्या दिवशी पहिला बंधारा ‘नमुना म्हणून’ बांधावा असे ठरले. ग्रामसभेत ऐकलेले सर्व माझ्या वहीत लिहिलेले होते आणि तरीही मी विरोध केला नाही. प्रकल्पप्रमुखांनी एकदा शंका बोलून दाखवली आणि नंतर तेही गप्प राहिले.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

एक बस भरून ४१ स्वयंसेवक गेले. पाड्यावरून २९ जण आले, त्यांत बहुतेक म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले होती, कारण कर्ती माणसे शेतात गुंतलेली होती. खरेदी केलेल्या ९०० पोत्यांपैकी २६० पोती भरून झाली. पाणी अजून जोरात होते. त्यामुळे तळातील सैल दगड आणि वाळू नीट काढता आली नाही, आणि घाईत मधोमध सांडवा, म्हणजे जास्तीचे पाणी जाण्याची वाट, ठेवण्याचेही राहून गेले. संध्याकाळी बंधाऱ्यामागे पाणी चढताना सगळ्यांनी छायाचित्रे काढली आणि परतीच्या प्रवासात बसमध्ये गाणी झाली.

२१ ऑक्टोबर २०२४, सोमवार

सकाळी सात वाजता आशाताईंचा फोन आला. रात्री डोंगरावर जोराचा पाऊस झाला आणि बंधारा गेला. जास्तीचे पाणी जाण्यासाठी सांडवा नसल्याने पाणी सबंध माथ्यावरून पडू लागले, त्याने खालच्या बाजूची पोती उपसली आणि मग मधला भाग एकदम सुटला. १७१ पोती वाहून गेली. ८९ पोती काठाला अडकलेली पाड्यावरच्या मुलांनी ओढून बाजूला ठेवली आहेत.

कोणाला इजा झाली नाही. परंतु एका शेतकऱ्याच्या खाचराच्या कोपऱ्यात चार-पाच पोती आणि चिखल शिरला आणि कापणीला आलेले थोडे भात आडवे झाले. दुपारी अध्यक्षाताई, प्रकल्पप्रमुख आणि मी तिकडे गेलो. त्या शेतकरी दादांनी भरपाई घेण्यास स्पष्ट नकार दिला. त्याऐवजी आम्ही तिघांनी त्यांच्यासोबत चिखलातली पोती काढली आणि बांध पुन्हा लिंपला. निघताना ग्रामसभेतील तेच बाबा भेटले. त्यांनी आम्हाला काहीही सुनावले नाही. एवढेच म्हणाले, “ताई, तुमचा रविवार पाण्याला कुठं ठाऊक असतो?”

हे वाक्य मी कार्यवृत्तात शब्दशः घेतले आहे आणि पुढील बैठकीत वाचून दाखवणार आहे.

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

उद्या वसुबारस. फराळ विक्रीचा आज शेवटचा दिवस. शहरातील बचत गटांच्या महिलांनी केलेले चकली, शंकरपाळे, चिवडा आणि बेसनाचे लाडू एका डब्यात, अशी योजना होती. गटांकडे अन्नसुरक्षा नोंदणी आहे याची खात्री आधीच केली होती आणि डब्यावर तयार केल्याची तारीख व घटक छापले होते. ३१२ डबे गेले. प्रत्येक डब्यामागे ६० रुपये प्रकल्पासाठी ठेवून १८,७२० रुपये जमा झाले. गटांचे पैसे त्यांना त्याच दिवशी चुकते केले.

संध्याकाळच्या तातडीच्या बैठकीत बंधारा वाहून गेल्याचा संपूर्ण वृत्तांत ठेवला. मला भीती होती की बैठकीत दोषारोप होतील. तसे झाले नाही. अण्णा म्हणाले की देणगीदारांना पाठवायच्या पत्रात ही हकीकत पहिल्या परिच्छेदात आली पाहिजे. ती त्याप्रमाणे लिहून सर्वांना पाठवली. ३१ सदस्यांनी प्रत्येकी १,००० रुपये असे ३१,००० रुपये याच बैठकीत दिले.

यापुढील तारखा पाड्यावरून ठरतील आणि आम्ही त्याप्रमाणे रजा काढू, असा ठराव एकमताने झाला.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

पाड्याने सांगितलेली तारीख योगायोगाने रविवारीच आली. विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू असल्याने कोणताही फलक किंवा कापडी पट्टी नेऊ नये असे सरपंचताईंनी आधीच कळवले होते, त्यामुळे तो प्रश्नच मिटला.

आज ९५ माणसे होती, त्यांपैकी ५४ पाड्यावरची. ओहोळाची धार आता घोट्याएवढी होती. सकाळी दोन तास कोणीही पोत्याला हात लावला नाही. फक्त तळ साफ केला. सैल दगड, वाळू, पालापाचोळा काढून कठीण मुरूम लागेपर्यंत खाली गेलो आणि दोन्ही काठांत अर्धा मीटर आत खाचा घेतल्या, म्हणजे पाणी कडेने वाट काढणार नाही.

मग पोती भरणे सुरू झाले. पोते पूर्ण भरायचे नसते. तीन चतुर्थांश भरून तोंड दाभणाने शिवले की ते आडवे ठेवल्यावर चपटे बसते आणि शेजारच्या पोत्याशी फट राहात नाही. हे आम्हाला पुस्तकात वाचून ठाऊक होते, पण हाताला ठाऊक नव्हते. माझ्या शेजारी साठीच्या पुढच्या एक आजी बसल्या होत्या. त्या पोते भरून झाले की ते आडवे पाडत, त्यावर अनवाणी उभ्या राहून टाचेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबत जात, आणि मगच पुढचे पोते उघडत. टाचेखाली माती सरकते की दगड लागतो हे त्यांना लगेच कळे. दगड लागला की त्या शिवण उसवून तो काढायला लावत. माझी तीन पोती त्यांनी परत केली. चौथे पाहून म्हणाल्या, “हे बसलं.” पस्तीस वर्षे शाळेत शिकवताना मी मुलांच्या वह्या परत केल्या आहेत, पण इतक्या कमी शब्दांत आणि इतक्या योग्य कारणासाठी क्वचितच केल्या असतील.

रचना विटांच्या बांधकामासारखी झाली. खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर वरचे पोते, पायथा दोन मीटर रुंद, माथा साठ सेंटिमीटर, आणि दोन रांगांच्या मध्ये चिकणमाती तुडवून बसवलेली. मधोमध दीड मीटर रुंदीचा सांडवा ठेवला आणि त्याच्या खालच्या बाजूला पडणाऱ्या पाण्याने तळ उकरू नये म्हणून मोठे दगड अंथरले. ४२० पोती लागली. दुपारी पाड्यावरच्या महिलांनी केलेले नागलीची भाकरी, उडदाचे वरण आणि भात असे जेवण झाले. त्याचे पैसे ताटामागे ७० रुपये याप्रमाणे त्यांना दिले. स्वयंसेवेच्या नावाखाली त्यांच्याकडून फुकट स्वयंपाक करून घ्यायचा नाही, हे आम्ही सुरुवातीलाच ठरवले होते.

साडेचारला सांडव्यावरून पहिली धार पडली.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

दुसरा बंधारा, ३०० पोती, ८० माणसे. निवडणूक प्रचाराच्या दिवसांत बस मिळाली नाही म्हणून सदस्य आपापल्या गाड्यांनी गेले. काम दुपारी दोनलाच संपले, कारण पाड्यावरच्या लोकांनी तळ आदल्या दिवशीच साफ करून ठेवला होता. पुढच्या आठवड्यात ११ कुटुंबे बागांच्या कामाला निघणार आहेत.

१ डिसेंबर २०२४, रविवार

जमाखर्च मासिक बैठकीत सादर केला. एकूण जमा ८३,७१८ रुपये. खर्च असा आहे: पोती ६,३०० रुपये, सुतळी, दाभणे, दोर आणि हातमोजे ४,१५० रुपये, दोन दिवसांची बस १९,००० रुपये, तीन दिवसांची २४५ ताटे १७,१५० रुपये, प्रथमोपचार साहित्य १,२०० रुपये, मोजमाप साहित्य ८५० रुपये. एकूण खर्च ४८,६५० रुपये, शिल्लक ३५,०६८ रुपये.

हा तक्ता पाहून कोषाध्यक्षांनी जे निदर्शनास आणले ते महत्त्वाचे आहे. बंधाऱ्याच्या साहित्यापेक्षा आमच्या जाण्यायेण्यावर जवळजवळ दुप्पट खर्च झाला. पुढच्या वर्षी ४१ ऐवजी १५ जण गेले आणि उरलेल्या पैशांतून पाड्यावरच्या लोकांना दोन दिवसांची मजुरी दिली, तर बंधारा कदाचित अधिक चांगला होईल आणि त्यांचे स्थलांतर दोन दिवस पुढे ढकलता येईल. काही सदस्यांना हे रुचले नाही. शहरातील तरुणांनी पाड्यावर जाणे, घाम गाळणे आणि तेथील माणसांना भेटणे यालाही मोल आहे, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते मलाही पटते. निर्णय पुढे ढकलला. देणगीदारांचे विवरण आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत दाखल करायचे असल्याने पावत्यांची छाननी आतापासूनच सुरू करण्याचे ठरले.

२६ जानेवारी २०२५, रविवार

पाड्यावरच्या नववीत शिकणाऱ्या दोन मुलींनी २४ नोव्हेंबरपासून दर रविवारी विहिरीतील पाण्याची खोली मोजण्याचे काम घेतले आहे. दोराला तळाशी दगड आणि दर दहा सेंटिमीटरला लाल दोऱ्याची गाठ, असे त्यांचे साधन आहे. आम्ही दिलेली मोजपट्टी ओली होऊन चिकटते, म्हणून हे त्यांनी स्वतः तयार केले. तुलनेसाठी त्या ओहोळापासून दूर असलेली, बंधाऱ्याचा संबंध नसलेली दुसरी विहीरही मोजतात. ही कल्पना प्रकल्पप्रमुखांची आणि तिचे महत्त्व मला आज वही पाहिल्यावर कळले.

खालची विहीर: २४ नोव्हेंबरला ३.४ मीटर, आज २.९ मीटर. दूरची विहीर: २४ नोव्हेंबरला ३.१ मीटर, आज २ मीटर.

ओहोळाची धार सुतासारखी झाली आहे. फुगवट्याच्या काठी दोन कुटुंबांनी हरभरा आणि थोडी मेथी-कोथिंबीर केली आहे. दुसऱ्या बंधाऱ्यातून डाव्या काठाने गळती आहे. उरलेल्या नऊ पोत्यांतील सहा पोती लावून ती बरीच कमी केली. याच जिल्ह्यात बागलाणच्या बाजूला मोसम आणि आरम नद्यांवर फड या सामूहिक सिंचन पद्धतीत पाटकरी नेमून पाण्याची देखरेख पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तसा एखादा राखणदार येथेही ग्रामसभेने ठरवावा, अशी सूचना सरपंचताईंना केली. त्यांनी सांगितले की मुली आहेतच, त्यांना कोणी नेमावे लागले नाही.

२३ मार्च २०२५, रविवार

होळीसाठी परतलेली बरीच कुटुंबे अजून पाड्यावर आहेत. बंधाऱ्यामागचा साठा संपला असून तळाशी ओल आहे. खालची विहीर १.८ मीटर, दूरची ०.४ मीटर. दूरच्या विहिरीवरची काही घरे आता खालच्या विहिरीवर येऊ लागली आहेत. त्यामुळे यापुढचे आकडे अधिक वेगाने उतरतील, हे वहीत नोंदवण्यास मुलींना सांगितले. त्यांनी येणाऱ्या हंड्यांची संख्याही लिहायला सुरुवात केली आहे.

२७ एप्रिल २०२५, रविवार

खालच्या विहिरीत ०.९ मीटर पाणी आहे. एप्रिलअखेर या विहिरीत पाणी असल्याचे आशाताईंना लग्न होऊन आल्यापासून आठवत नाही.

तरीही मासिक बैठकीत प्रकल्पप्रमुखांनी आणि मी मिळून पुढील गोष्ट स्पष्टपणे मांडली. गेल्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि परतीचा पाऊसही लांबला, दोन्ही विहिरींची खोली आणि खडक सारखा नाही, आणि एका वर्षाच्या मोजणीवरून सर्व श्रेय बंधाऱ्याला देणे योग्य नाही. किमान तीन वर्षे त्याच दोन विहिरी मोजल्या पाहिजेत. शिल्लक रकमेतून खालच्या विहिरीचा पडका कठडा बांधावा आणि दोराऐवजी कायमची मोजपट्टी आतल्या भिंतीवर रंगवून घ्यावी, असा ठराव झाला. मोजपट्टीचे अंतर मुलींच्या दोरीप्रमाणेच दहा सेंटिमीटरचे ठेवायचे आहे.

१ जून २०२५, रविवार

मे महिन्यातच इतका पाऊस झाला की नियोजन कोलमडले. पोती पावसाळ्यापूर्वी काढून घ्यायची असे आम्ही नोव्हेंबरमध्येच ठरवले होते, कारण सिमेंटची पोती प्लास्टिकच्या धाग्यांची असतात, उन्हाने ती विरतात आणि त्यांच्या चिंध्या ओहोळातून नदीत जातात. पाणी अडवण्याच्या कामातून पाण्यात कचरा जावा, हे कोणालाच मान्य नव्हते. संकलनाची तारीख २५ मे होती. त्याआधीच ओहोळ दोनदा जोरात वाहिला.

आज १४ सदस्य आणि पाड्यावरचे २० जण मिळून काठाने तीन किलोमीटर खाली चालत गेलो. झुडपांच्या मुळांत, दगडांच्या सांध्यांत आणि खाचरांच्या बांधांवर अडकलेली पोती काढली. बंधाऱ्यांत एकूण ७२६ पोती घातली होती. ५८३ मिळाली, बहुतेक फाटलेली. ऑक्टोबरमध्ये वाहून गेलेल्या १७१ पैकी ३८ सापडली. म्हणजे दोन्ही मिळून २७६ पोत्यांचा हिशेब लागत नाही. ती कोठे गेली असतील हे ओहोळाच्या दिशेकडे पाहून कळते.

गोळा झालेली पोती हरसूलमार्गे नाशिकला आणून पुनर्वापर करणाऱ्यांकडे दिली. पुढच्या वर्षी पोती एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, मग पाणी असो वा नसो, काढायची. प्रत्येक पोत्यावर भरतानाच रंगाने क्रमांक टाकायचा. प्लास्टिकऐवजी तागाची पोती परवडतात का, याचे दर कोषाध्यक्ष ६ जुलैच्या बैठकीत आणतील. ती बैठक पाड्यावर घ्यावी, असे मुलींनी सुचवले आहे. आवणीची कामे त्या दिवसांत असतात, म्हणून वेळ त्यांनाच विचारली आहे.